कोरलेला भोपळा हॅलोवीनपर्यंत टिकवायचा कसा?

शरदिनी

ऑक्टोबर लागला की इथे न्यू जर्सीत दारोदार भोपळे येऊन बसतात. शेवंतीच्या कुंड्या, मक्याची वाळलेली ताटं, गवताची पेंढी आणि पायऱ्यापायऱ्यांवर लहानमोठे भोपळे. मला हा शरद ऋतूचा थाट मनापासून आवडतो. पण दरवर्षी एक गोष्ट बघून जीव हळहळतो. उत्साहाच्या भरात लोक महिन्याच्या सुरुवातीलाच भोपळा कोरतात. मग हॅलोवीनची ३१ तारीख यायच्या कितीतरी आधी तो चेहरा आत ओढला जातो, ओठ सुरकुततात, डोळ्यांच्या खाचांत काळी-पांढरी बुरशी धरते आणि चिलटं घोंघावायला लागतात. ज्या पोराने मान मोडेस्तोवर बसून त्याचे दात कोरले, त्याच्याच डोळ्यांदेखत तो कचऱ्यात जातो.

म्हणून माझं मत आधीच सांगते. सजावट सप्टेंबरपासून खुशाल करा, पण सुरी लावायची ती २८-२९ तारखेनंतरच. अख्खा, न दुखावलेला भोपळा थंड आणि कोरड्या जागी दोन-तीन महिने राहतो. कोरलेला मात्र उबदार हवेत जेमतेम तीन ते पाच दिवस, थंडी असेल तर आठवडा, फार तर दहा दिवस. हे अंतर कुठल्याही फवाऱ्याने भरून निघत नाही.

निवडताना देठ आधी बघा. हिरवट, टणक, कोरडा देठ म्हणजे भोपळा ताजा. पण त्या देठाला धरून उचलू नका. तो तुटला की त्या जखमेतूनच कुजणं सुरू होतं. नख दाबून पाहा, सालीत रुतता कामा नये. तळाशी बोटाने चाचपून मऊ जागा शोधा, कारण बहुतेक वेळा भोपळा तिथूनच जातो. कोरायला इथे सर्रास मिळतो तो हाउडन जातीचा. मॅसॅच्युसेट्सच्या जॉन हाउडन या शेतकऱ्याने निवड करत करत ही जात तयार केली. उभ्या खाचा, जाड देठ, गर तुलनेने पातळ. खायला तो पाणचट आणि तंतुमय लागतो. 'पंपकिन पाय' हा ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ किंवा घारगे करायचे तर लहान 'शुगर पंपकिन' वेगळा घ्या.

कोरताना सगळे देठाकडून झाकण कापतात. मी तळ कापते. देठाचा भाग शाबूत राहिला की भोपळ्याचा माथा खचत नाही, आणि दिवा खाली ठेवून वरून भोपळा टोपीसारखा बसवता येतो. बिया आणि धागे काढल्यावर आतली भिंत नेटाने खरवडायची, धागा म्हणून उरता कामा नये. जिथे चेहरा कोरणार तिथे ती साधारण एक इंचावर, म्हणजे अडीच सेंटीमीटरवर आणायची. अंदाज येत नसेल तर खोलीत अंधार करून भोपळ्यात टॉर्च ठेवा. जिथे भिंत पातळ झाली आहे तिथे साल आतून केशरी उजळते, जाड जागा काळीच राहते. हात कुठे चालवायचा ते लगेच कळतं.

पुढचं तुमच्याकडून ऐकायचं आहे. कोरल्यानंतर काय लावता? ब्लीच, व्हॅसलीन, तेल, लिंबू, व्हिनेगर, काय काय ऐकलंय. प्रत्यक्षात कशाचा उपयोग होतो?

हडसनकाठ

उत्तम धागा, शरदिनीताई. तळ कापण्याबद्दल शंभर टक्के सहमत. मात्र खरी मेणबत्ती लावणार असाल तर वर धूर जायला भोक लागतं. मी मेणबत्ती केव्हाच सोडली. ज्योतीची धग आतला गर अक्षरशः शिजवते आणि शिजलेला गर लगेच नासतो. त्यात ट्रिक-ऑर-ट्रीटला, म्हणजे दारोदार खाऊ मागायला येणाऱ्या लहान मुलांचे घोळदार, झुळझुळीत पोशाख. बॅटरीचे छोटे एलईडी दिवे लावावेत.

कोरण्याबद्दल थोडं. स्वयंपाकघरातली मोठी सुरी वापरू नका, ती सालीत अडकते आणि जोर लावला की सटकते. कोरायच्या किटमधली बारीक दातांची करवतच बरी. नक्षीचा कागद भोपळ्यावर चिकटवायचा, टाचणीने रेषांवर टोचत जायचं, कागद काढला की ठिपके राहतात. ठिपक्यांवर थोडं पीठ चोळलं की रांगोळीसारखे उठून दिसतात. कापायला सुरुवात मध्यातल्या बारीक तुकड्यांपासून करायची आणि मोठी भोकं शेवटी. उलटं केलं तर भिंत कमकुवत होते आणि बारीक काम करताना कडा तुटतात.

दुसरी पद्धत मला जास्त प्रिय आहे: आरपार न कापता फक्त साल तासायची. लिनोकटची (छापाचे ठसे कोरायची) किंवा मातीकामाची हत्यारं घेऊन कुठे नुसती साल, कुठे अर्धा गर काढायचा. दिवा लावला की जितका गर कमी तितका उजेड जास्त. त्यातून छायाप्रकाश मिळतो, माणसाचा चेहरासुद्धा हुबेहूब उतरतो. आमच्या जवळ क्रोटन-ऑन-हडसनला व्हॅन कॉर्टलंड मॅनरमध्ये 'ग्रेट जॅक ओ'लँटर्न ब्लेझ' भरतं (जॅक ओ'लँटर्न म्हणजे कोरलेल्या भोपळ्याचा कंदील). तिथे ७,००० हून जास्त कोरीव भोपळ्यांची रोषणाई असते. डायनासोर, सापळे, मधमाश्या, सगळं भोपळ्यांचं. कित्येक आठवडे चालणारा देखावा नुसत्या खऱ्या भोपळ्यांवर उभा राहूच शकत नाही, म्हणून तिथे फोमचे कोरीव भोपळेही असतात. जवळ राहत असाल तर एकदा नक्की जा. तासकामाचे बारकावे तिथे उभं राहून पाहण्यासारखे आहेत.

ओवी_डेन्व्हर

आमच्याकडे व्हॅसलीन! कापलेल्या प्रत्येक कडेला आणि आतल्या भिंतीला बोटाने पातळ थर द्यायचा. डेन्व्हरला हवा इतकी कोरडी की काही लावलं नाही तर दुसऱ्या दिवशी दातांची टोकं वळायला लागतात. व्हॅसलीन लावलेला भोपळा आठवडाभर छान राहतो. सगळ्यांनी हेच करावं.

पावसाळी_सिअॅटल

ओवी, माझा अनुभव बरोबर उलटा आहे. इथे ऑक्टोबरात रोज रिपरिप. व्हॅसलीन लावलेल्या भोपळ्याला त्या थराखाली केसाळ बुरशी आली, आणि शेजारी काहीही न लावलेला भोपळा त्याच्यापेक्षा जास्त टिकला. मी तर म्हणेन लावूच नका.

सूक्ष्मदर्शी

तुम्हा दोघींचंही निरीक्षण बरोबर आहे. सूक्ष्मजीवशास्त्र हा माझा रोजचा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोरलेला भोपळा दोन तऱ्हांनी मरतो: वाळून किंवा कुजून. गरात ९० टक्क्यांच्या वर पाणी असतं. साल मेणचट, ती हे पाणी आत धरून ठेवते आणि बुरशीला बाहेर. आपण चेहरा कोरतो म्हणजे ही तटबंदी फोडतो. मग पाणी उडायला लागतं, पेशी आक्रसतात, कडा आत वळतात. हे झालं वाळणं. त्याच वेळी हवेतले बुरशीचे बीजाणू त्या ओल्या, गोडसर गरावर बसतात. पेनिसिलियम, रायझोपस, बोट्रायटिस अशी मंडळी सगळीकडेच असतात. त्यांना ऊब आणि ओल मिळाली की दोन-तीन दिवसांत डोळ्यांना दिसण्याइतकी वाढ होते. हे झालं कुजणं.

गंमत अशी की एकावरचा इलाज दुसऱ्याला पोसतो. व्हॅसलीन किंवा तेल पाणी आत कोंडतं, म्हणून वाळणं थांबतं. पण ते बुरशी मारत नाही. आत बीजाणू असतील तर त्यांची ओल आपणच राखून ठेवलेली असते. डेन्व्हरच्या कोरड्या, थंड हवेत वाळणं हा मुख्य शत्रू, म्हणून तिथे व्हॅसलीन लागू पडतं. सिअॅटलला किंवा न्यू जर्सीतल्या दमट, उबदार ऑक्टोबरात कुजणं आधी गाठतं. तिथे आधी निर्जंतुक करायचं, नीट कोरडं करायचं, आणि मग वाटलं तर फक्त कापलेल्या कडांना पुसटसा थर द्यायचा.

निर्जंतुक करण्यासाठी पातळ ब्लीच: एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाण्यात एक मोठा चमचा. भोपळा त्यात बुडवा किंवा आतून-बाहेरून फवारा, आणि उपडा ठेवून पूर्ण निथळू द्या. हा निथळण्याचा भाग लोक गाळतात आणि मग ब्लीचचा उपयोग होत नाही म्हणतात. ओला भोपळा बंद खोलीत ठेवला तर पुन्हा बुरशीच येणार.

एक अत्यंत महत्त्वाची सूचना: ब्लीच आणि व्हिनेगर कधीही, कुठल्याही प्रमाणात एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, तो फुप्फुसांना घातक आहे. ब्लीच आणि लिंबाचं तेच. ब्लीच आणि अमोनियावाला क्लीनरही तसाच धोक्याचा. शरदिनीताईंनी यादीत ही नावं शेजारी शेजारी लिहिली आहेत, कोणी 'दोन्ही घालून बघू' म्हणू नये म्हणून आवर्जून लिहितोय.

ओवी_डेन्व्हर

किती स्पष्ट झालं! इतकी वर्षं नणंदेशी याच विषयावर वाद चाललाय, ती जॉर्जियात राहते. हा प्रतिसाद तिला पाठवते.

चिमणचारा

ब्लीचबद्दल मनात शंका आहे. आमच्या अंगणात खारी, हरणं, पक्षी सगळे येतात आणि भोपळा कुरतडतात. दोन वर्षांचा मुलगाही हात लावतो आणि तोच हात तोंडात घालतो. शिवाय खारींनी तर गेल्या वर्षी चेहऱ्याचा अर्धा गालच खाऊन टाकला. दोन्हीवर काही आहे का?

सूक्ष्मदर्शी

लहान मूल आणि प्राणी असतील तर ब्लीच आणि व्हॅसलीन दोन्ही टाळा. नुसत्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालून आतून पुसा आणि पंख्याखाली खडखडीत वाळवा. ब्लीचइतका परिणाम नाही, पण काहीच न करण्यापेक्षा बरा. खरा उपाय थंडीच. रात्री भोपळा प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये जागा असेल तर ठेवा, संध्याकाळी बाहेर काढा. कडा सुकून वळल्या असतील तर थंडगार पाण्यात काही तास बुडवा. पेशी पाणी पितात आणि चेहरा पुन्हा ताठ होतो. मात्र तो बाहेर काढून नीट पुसला पाहिजे.

फ्रीझर मात्र नको. गोठताना आतल्या पाण्याचे स्फटिक पेशी फोडतात आणि वितळला की नुसता लगदा. बाहेर पारा शून्याखाली जाणार असेल त्या रात्री भोपळा याच कारणासाठी आत घ्यावा.

बर्फाळमाळ

खारींवर तिखट. लाल तिखट पाण्यात कालवून सालीवर आणि कडांवर फवारा. पाऊस पडला की पुन्हा. पक्ष्यांना तिखटाची जळजळ जाणवत नाही, सस्तन प्राण्यांना जाणवते, त्यामुळे चिमण्यांचं काही बिघडत नाही. फक्त मुलगा हात लावत असेल तर भोपळा उंचावर ठेवा. तेच हात डोळ्यांना लागले तर फार आग होते.

आणि केसांचा स्प्रे लावायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो. तो ज्वलनशील असतो. आत ज्योत असलेल्या वस्तूवर तो कधीही मारू नये. व्हॅसलीनलाही हेच लागू.

शरदिनी

सूक्ष्मदर्शी, मनापासून आभार. 'वाळणं की कुजणं' हा प्रश्न आधी विचारायचा, हे इतकं सरळ कोणी सांगितलंच नव्हतं. सगळे सल्ले एकमेकांच्या विरुद्ध का वाटतात तेही कळलं.

अख्ख्या भोपळ्यांबद्दल माझ्याकडून भर घालते, कारण महिनाभर दारात शोभा तेच देतात. शेतावरून आणल्यावर ओल्या फडक्याने माती पुसायची आणि कोरडे करायचे. थेट सिमेंटच्या पायरीवर ठेवू नका, खाली पुठ्ठा किंवा गवत घाला. खालची ओल तळाला लागली की तो मऊ पडतो. साठवायचे असतील तर १० ते १३ अंश सेल्सियस उत्तम. सफरचंदांच्या टोपलीत किंवा शेजारी ठेवू नका, सफरचंदातून निघणाऱ्या इथिलीन या फळं पिकवणाऱ्या वायूने भोपळे लवकर उतरतात. बाजारात आता पांढरा 'लुमिना', निळसर राखाडी 'जाराडेल', चपटा लालभडक 'सिंड्रेला' असे सुंदर प्रकार मिळतात. यांना कोरण्यापेक्षा एकावर एक रचावं. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत जागचे हलत नाहीत. मुलांना ॲक्रिलिक रंगांनी रंगवायला द्या. छोट्यांच्या हातात सुरीही येत नाही आणि त्यांचा भोपळा दादा-ताईच्या भोपळ्यापेक्षा जास्त टिकतो, याचा त्यांना केवढा आनंद होतो!

हडसनकाठ

२०२४ ला ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी आली होती. आमच्या दारात एका बाजूला पणत्या आणि दुसऱ्या बाजूला भोपळे. मुलीने भोपळ्यावर कमळ तासलं होतं. येणारी जाणारी सगळी मुलं थांबून बघत होती.

सॉमरसेटची_वाट

इंग्लंडहून लिहितेय. भोपळा मुळात अमेरिकेतला. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये ही कोरायची प्रथा होती ती सलगम या कंदावर. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले, तिथे त्यांना हा मऊ, पोकळ, मोठा भोपळा मिळाला आणि कोरीवकाम त्यावर सरकलं. सलगम कोरून पाहिलाय का कोणी? दगडासारखा घट्ट, आत पोकळी नाही, चमच्याने इंच इंच खणावा लागतो. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या काउंटी मेयो इथल्या शाखेत डोनेगलमधल्या एका जुन्या सलगम-दिव्याची प्लॅस्टरची ओतीव प्रतिकृती ठेवलीय. खोल गेलेले डोळे, थोडेसेच दात, आक्रसलेली कातडी. इतका भेदक चेहरा भोपळ्यात येत नाही. आणि इथे सॉमरसेटमध्ये हिंटन सेंट जॉर्ज गावात ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी 'पंकी नाइट' असते. मुलं मँगोल्ड नावाच्या मोठ्या चारा-बीटाचे कंदील कोरून गाणी म्हणत गावातून फिरतात.

टिकण्याच्या दृष्टीने सांगायचं तर सलगम कुजण्यापेक्षा वाळतो. आक्रसून लहान होतो पण आकार धरून ठेवतो. हे काम एकदा जरूर करून बघा.

कर्वेनगरी

पुण्यात आमच्या सोसायटीत मुलांनी हट्ट धरलाय. आपला लाल भोपळा चालेल का?

शरदिनी

चालतो, पण गर खूप जाड असतो आणि पोकळी लहान, त्यामुळे खरवडायला वेळ लागेल. मंडईत बहुतेक फोडी करूनच विकतात, अख्खा आधी सांगून ठेवावा लागेल. लहान आणि गोल निवडा. पुण्याच्या ऑक्टोबरच्या उन्हात तुमचा शत्रू कुजणंच, म्हणून त्याच दिवशी सकाळी कोरा आणि संध्याकाळी दिवा लावा. काढलेला गर वाया घालवू नका. दिवा लावायच्या आधी बाजूला काढलेल्या ताज्या गराचे घारगे करा. एकदा कोरून बाहेर ठेवलेला भोपळा मात्र खाऊ नये.

तुंबा

माझं आजोळ मिरजेचं, म्हणून कायमचा टिकणारा पर्याय सुचवतो. मिरजेत तंबोरे-सतारी बनतात, त्यासाठीचे मोठे कडू भोपळे सोलापूर-पंढरपूर भागातून येतात. वेलीवर पूर्ण पिकवायचे आणि महिनोन्‌महिने वाळवायचे. आतला गर सुकून जातो, साल लाकडासारखी होते. मग हवा तसा कापा, घासा, रंगवा, नक्षी करा, तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

अमेरिकेत याच कुळातले, म्हणजे आपल्या दुधी भोपळ्याच्या जातीचे, कठीण सालीचे 'बर्डहाउस गोर्ड' शेतांवर मिळतात. यंदा आणून हवेशीर जागी जाळीवर ठेवा. वाळताना सालीवर बुरशीचे डाग येतात, त्याने घाबरायचं नाही, साल टणक आहे तोवर ठीक. मऊ पडला तरच टाका. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की तयार. सहा महिने किंवा त्याहून जास्तही लागतात. मग कोमट पाण्यात भिजवून वरचा पापुद्रा घासणीने काढा आणि बारीक करवतीने कोरा. कोरताना तोंडावर मास्क हवाच, ती धूळ फार त्रास देते. आत दिवा लावला की भिंतीवर उजेडाची जाळी उमटते, आणि हा कंदील दरवर्षी काढून लावता येतो. हाउडन भोपळा असा कधीच वाळत नाही, तो पाण्यानेच भरलेला असतो. ज्यांना कष्टाने केलेलं काम टाकवत नाही त्यांनी या वाटेला जावं.

चिमणचारा

तुंबा, हे माझ्यासाठीच लिहिलंय असं वाटलं. मुलाचा पहिला कोरलेला भोपळा आठवण म्हणून ठेवायचा होता. या शनिवारी गोर्ड आणते.

बर्फाळमाळ

१ नोव्हेंबरनंतर काय करायचं तेही लिहूया. कचऱ्याच्या पिशवीत घालून टाकला की तो लँडफिलमध्ये, म्हणजे कचरा पुरतात तिथे, हवेविना सडतो आणि मिथेन सोडतो. आमच्या इलिनॉयमध्ये कितीतरी गावांत हॅलोवीननंतरच्या शनिवारी 'पंपकिन स्मॅश' असतो. मुलं भोपळे आपटून फोडतात आणि सगळं खतात जातं. देशात सर्वांत जास्त भोपळा पिकवणारं राज्य हेच. डब्यातल्या भोपळ्यासाठी ओळखलं जाणारं मॉर्टन गावही इथलंच. घरी कंपोस्ट असेल तर दिवे, मेण, चकाकी काढा, बिया काढा (नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात खतात वेलीच वेली) आणि फावड्याने तुकडे करून वाळक्या पानांत मिसळा. रंगवलेला किंवा ब्लीच लावलेला भोपळा जंगलात, हरणांसाठी म्हणून, टाकू नका.

कर्वेनगरी

आणि कोरताना निघालेल्या बियांचं काय करता?

शरदिनी

धागे धुवून काढायचे, मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळायच्या, चाळणीत निथळून फडक्यावर पूर्ण कोरड्या करायच्या. मग चमचाभर तेल, हळद, तिखट, जिरेपूड, चिमूटभर हिंग चोळून १७५ अंश सेल्सियसला ओव्हनमध्ये वीसेक मिनिटं, मध्ये एकदा हलवून. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर. तडतड आवाज यायला लागला आणि खमंग वास सुटला की उतरवा, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा.